घाबरलेलं रक्त

सर्जेराव डुबलनं मला पळवून नेलं ते स्वतःच्या वीटभट्टीच्या टेम्पोतून. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरात 'सर्जेराव वीट उद्योग' रंगवलेलं, खाली मोबाइल नंबरसुद्धा. अशा माणसाला गुन्हेगार म्हणायचं की गाढव, ते तुम्हीच ठरवा.

मी शालन घोडके. जयसिंगपुरात आमचं मटणाचं दुकान आहे, नवरा गेल्यापासून मीच चालवते. सात वर्षांपूर्वी तंबाखूच्या मिश्रीनं माझा डावा गाल खाल्ला. डॉक्टरांनी अर्धा जबडा काढून टाकला आणि मांडीचं मांस घेऊन गालाला लावलं. आयुष्यभर बकऱ्याची मांडी विकली आणि शेवटी स्वतःचीच मांडी तोंडावर आली, असं मीच सगळ्यांना सांगते. म्हणजे हसायचं की रडायचं हा प्रश्न समोरच्याला पडत नाही. बोलणं जरा बोबडं येतं, पण शिव्या अजून स्पष्ट येतात.

गुरुवारी आमच्याकडे मटण कोण खात नाही. दुकान बंद असतं, म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी आमचा गट बसतो. ज्यांना कॅन्सर होऊन गेला ते, ज्यांना आहे ते, आणि त्यांच्या घरचे. कुणाला केमोनंतर काय खायचं ते कळत नाही, कुणाचा नवरा आरशात बघू देत नाही, कुणाला नुसतं रडायचं असतं. मी चहा ठेवते आणि सगळ्यांना ओरडते. लोक म्हणतात, त्यानं बरं वाटतं.

आता राखणदारांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांच्यापायीच झालं.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला मारतात. पण कॅन्सरची गाठ आपल्याच मांसाची, म्हणून त्या तिला घरचीच समजून सोडून देतात. आमच्या डॉक्टर रुबीना मुजावर यांनी माझ्या काही पेशी बाहेर काढल्या, त्यांना गाठीचा चेहरा ओळखायला शिकवलं आणि परत रक्तात सोडलं. याच राखणदार पेशी. बहुतेकांच्या अंगात त्या काही महिने टिकतात आणि मरतात. माझ्या अंगात त्या टिकल्या, आणि अशा वाढल्या की दुसऱ्याला देता येतील इतक्या झाल्या. यंत्रात त्यांची ओळखखूण पुसली की दुसऱ्याचं शरीर त्यांना परकं मानत नाही. त्या तिथं जातात, तिथली गाठ हुंगतात आणि कामाला लागतात.

"दह्याचं विरजण लावतात ना मावशी, तसंच," डॉक्टर म्हणाली. "फक्त हे विरजण फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. गोठवलं की पेशी शिकलेलं विसरतात. जिवंत माणसाकडून जिवंत माणसाकडे, सहा तासांच्या आत."

आणि तीन महिन्यांतून एकदाच. त्याआधी काढलं तर माझेच राखणदार कमी पडणार आणि माझाच कॅन्सर डोकं वर काढणार. पुऱ्या राज्यात माझ्यासारखे तीस-पस्तीस दाते. आमच्या भागात मी एकटी. माझ्याकडून चौघांना गेलं, चौघंही जगले, पण चौघांपैकी एकाच्याही रक्तात राखणदार देण्याइतके वाढले नाहीत. का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

मग द्यायचं कुणाला? रांगेत नेहमी वीस-पंचवीस माणसं. सगळी जगायला निघालेली. कायद्यानं काही नियम केले होते, पण आमचा नियम आमचा होता: ज्यांना ते लागू पडेल त्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मटणाच्या पातेल्यात टाकायच्या, पहिली चिठ्ठी निघेल त्याचा नंबर पहिला, मग दुसरा, अशी पुरी यादी करायची. वशिला नाही, रडारड नाही. यादी लागली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याचं नाव शेवटी आलं त्यानंसुद्धा.

त्या वेळी पहिलं नाव आलं वैजयंताचं.

वैजयंता माझ्या दुकानाला लागून शिलाईचं काम करते. अठरा वर्षांपूर्वी लग्न करून आली तेव्हा तिचा दात दुखायचा. "लाव गं जराशी मिश्री, बरं वाटंल," असं म्हणून पहिली चिमूट मीच तिच्या तळहातावर ठेवली. मग रोज सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसून दात घासत गप्पा मारायचो. माझ्या गालाचं झाल्यावर तिनं सोडली, पण तोवर उशीर झाला होता. तिच्या हिरडीला गाठ आली. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मला झोप तरी आली असती.

नाव आल्यावर आमच्या गटातल्या शहाण्यांनी काय करावं? फ्लेक्स लावला! रिक्षावाले गुरव आमचे खजिनदार. उत्साह दांडगा, डोकं कमी. चौकात वीस फुटी फ्लेक्स, त्यावर माझा फोटो, गळ्यात हार. 'राखणदार शालनताई घोडके यांचे हार्दिक अभिनंदन! शुक्रवारी सकाळी दहा वाजता दुकानापासून भव्य मिरवणूक. हलगीच्या गजरात हॉस्पिटलकडे प्रस्थान.' खाली गटातल्या सतराही जणांचे फोटो, गुरवांचा सगळ्यात मोठा.

"अहो, पत्ता आणि वेळ कशाला छापलीत?" मी विचारलं.

"लोकांना कळाय नको व्हय?" गुरव म्हणाले.

लोकांना कळलं.

त्या आठवड्यात मला भांडायची बंदी होती. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे. माणूस घाबरला किंवा संतापला की अंगात जी रसायनं सुटतात ती राखणदारांना झोपवतात. झोपलेल्या पेशी दुसऱ्याला दिल्या तर तिथं जाग्या होत नाहीत, पडून मरतात. म्हणून यंत्र लावायच्या आधी रक्ताचा एक थेंब कागदी पट्टीवर घेतात. पट्टी निळी झाली तर राखणदार जागे, राखाडी झाली तर झोपलेले. पुन्हा जागे व्हायला रक्त तासभर तरी शांत राहावं लागतं.

आणि ज्याला द्यायचं त्याचं रक्त आधी रिकामं करतात. जुन्या पांढऱ्या पेशी औषधानं मारून नव्यांना जागा करतात. त्या तीन-चार दिवसांत त्या माणसाला कसलंच संरक्षण नसतं, साधी सर्दीही जीव घेते. वैजयंताला मंगळवारी रिकामं केलं होतं. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला की तिला ताप भरलाय, उद्याचा दिवस चुकवून चालणार नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी दुकानासमोर सडा टाकत होते. टेम्पो येऊन थांबला. आवाज नाही, बॅटरीवरचा. दोघं उतरले. एकानं मागून तोंड दाबलं. माझ्या तोंडात सातच दात राहिलेत, ते सातही मी त्याच्या पंज्यात रुतवले. तो किंचाळला. दुसऱ्यानं विटेनं डोक्यात घातलं आणि मी टेम्पोत पडले. पडता पडता समोरच्या दूधवाल्याला बघितलं. त्याची किटली हातातच राहिली होती.

शुद्धीवर आले तेव्हा भट्टीवरच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी खाटेवर मला पट्ट्यांनी बांधलेलं होतं. शेजारी पेशी काढायचं यंत्र. ओळखीचं वाटलं, कारण मागच्या वर्षी आमच्या हॉस्पिटलातून तेच चोरीला गेलं होतं. यंत्रापाशी ढवळे उभा होता. हॉस्पिटलातून हाकललेला तंत्रज्ञ. आणि पायथ्याशी सर्जेराव.

सर्जेरावला मी ओळखत होते. चार महिन्यांपूर्वी तो गुरुवारी आला होता. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या जिभेला गाठ. तंबाखू नाही, मिश्री नाही, काही नाही. मग वैजयंताचं नाव पहिलं आलं त्याच यादीत तिचा नंबर आठवा निघाला. त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. मग बाहेर जाऊन पायरीवर बसून रडला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता वाटलं, तोच हात त्याच्या नरड्यावर ठेवायला पाहिजे होता.

"अक्का, तुमाला काय करनार न्हाई," सर्जेराव म्हणाला. "चार तास पडून ऱ्हावा. काम झालं की घरी सोडतो."

"आणि वैजयंता?"

"तिला पुढच्या टायमाला द्या."

"तिला रिकामं केलंय रे, मुडद्या! तिला पुढचा टाइम न्हाई!"

"माज्या पोरीलाबी रिकामं केलंय," तो म्हणाला. "मंगळवारीच."

मी ढवळेकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. खोलीच्या टोकाला प्लास्टिकचा पडदा होता, पलीकडे कुणीतरी खोकलं. दोन रिकाम्या बायका आणि देणारी एक. हे त्या हरामखोर सर्जेरावनं मुद्दाम केलं होतं. परत फिरायचा रस्ताच ठेवायचा नाही, म्हणजे आपसूक मी देईन, असा त्याचा हिशेब.

ढवळेनं थेंब पट्टीवर घेतला. राखाडी.

"झोपल्यात, साहेब."

"जाग्या कर."

"त्या आपोआप जाग्या होतात. ताई शांत झाल्या पाहिजेत."

सर्जेराव माझ्यावर वाकला. "शांत व्हा, अक्का."

मी त्याच्या तोंडावर थुंकले. रक्तच होतं सगळं. त्यानं तोंड पुसलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. "शांत हो म्हनलं न्हवं?" पुन्हा वाजवली. ढवळेनं पुन्हा थेंब घेतला. अजून गडद राखाडी.

आता बोला! मारून मारून बाईला शांत करायला निघालेला माणूस तुम्ही कुठं बघितलाय? मी हसले. खरंच हसू आलं मला. ते हसणं त्याला सहन झालं नाही. त्यानं विटांचा लाकडी साचा उचलला, माझा उजवा पंजा खाटेच्या कडेवर धरला आणि हाणला. करंगळी मोडली. तिच्या शेजारचं बोटही मोडलं. मी एवढी ओरडले की बाहेरचे मजूर काम टाकून दाराशी आले. त्याच्या माणसानं, त्याच चावलेल्या हाताच्या, त्यांना दगड मारून हाकललं.

"शांत हो!" सर्जेराव ओरडत होता. "शांत हो गं, तुज्या पाया पडतो!" आणि खरंच पाया पडला. मग उठला आणि पोटात लाथ घातली. मला ओकारी आली. त्या माणसाच्या अंगात दोन माणसं होती आणि दोन्ही वेडी झाली होती.

"साहेब, बास!" ढवळे मध्ये पडला. "मेली तर काहीच मिळणार नाही!"

मी पडल्या पडल्या विचार केला. संतापत राहिले तर याला काही मिळणार नाही. चांगली अद्दल घडेल. पण वैजयंतालाही मिळणार नाही, आणि तिचा आज शेवटचा दिवस. शांत झाले तर पिशवी भरेल. ओळख पुसून पिशवी भरायला यंत्राला चार तास लागतात. टेम्पोवर नाव होतं, नंबर होता, दूधवाल्यानं बघितलं होतं. गुरवांना डोकं कमी असलं तरी वाचता येत होतं. चार तासांत ते आले तर भरलेली पिशवी वैजयंताची. म्हणजे शांत व्हायला पाहिजे. पण शांत हो म्हटल्यानं मी आयुष्यात कधी शांत झालेले नाही. बोटं ठणकत होती आणि मनात नुसता कोयता फिरत होता.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. "पप्पा, कोण रडतंय?"

सर्जेराव एकदम बारीक झाला. माझ्याकडे बघून हात जोडले. ओठांनीच म्हणाला, "तिला म्हाईत न्हाई."

"काकू आल्यात का?" पोरीनं विचारलं. जिभेमुळं तिचंही बोलणं बोबडं, माझ्यासारखंच. "पप्पा म्हणाले, तुम्ही आपणहून यायला तयार झालात."

माझ्या तोंडातून गटात जे निघतं तेच निघालं. "हो गं बाई. आले मी. पायरीवरून घसरले, म्हणून ओरडले. तुझं नाव काय?"

"प्रणोती."

"खाल्लंस काय सकाळी?"

"काही गिळत नाही."

"भात ताकात कालव, मिक्सरमधून काढ, मीठ नको. लसूण तर अजिबात नको, आग होते. आणि गार खा. गरम दिलं कुणी तर अंगावर फेक त्याच्या."

ती हसली. मग तिनं विचारलं, केस परत येतात का. मी म्हटलं, माझे आले, आधी होते त्याच्यापेक्षा कुरळे आले. तिनं विचारलं, जीभ काढावी लागली तर बोलता येतं का. मी म्हटलं, माझा अर्धा जबडा नाही आणि तू माझं सगळं ऐकतेयस ना? तिनं विचारलं, रात्री भीती वाटते तेव्हा तुम्ही काय करता. मी खरं सांगितलं, उठून दुकानातल्या सुऱ्यांना धार लावत बसते. ती म्हणाली, मी गणितं सोडवते. बारावीला गणितात नव्व्याण्णव होते तिला. एक मार्क कुठं गेला ते तिनं मला सविस्तर सांगितलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मी ऐकत राहिले. हे माझं काम आहे. सात वर्षं दर गुरुवारी मी हेच केलंय.

तास सव्वातास गेला असेल. ढवळेनं थेंब घेतला आणि पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली. निळी. आकाशासारखी निळी.

यंत्र सुरू झालं. एका हातातून रक्त जात होतं, दुसऱ्या हातातून परत येत होतं. सर्जेराव कोपऱ्यात बसून पिशवीकडे बघत होता. त्यानं मला पाणी पाजलं. मी प्याले, कारण मला शांत राहायचं होतं. मी प्रणोतीशी बोलत राहिले आणि टेम्पोवरच्या नावाचा विचार करत राहिले.

पिशवी भरली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. ढवळेनं ती पडद्यापलीकडे नेऊन अडकवली, सुई पोरीच्या हाताला लावली. मग पिशवीची चावी सोडायच्या आधी शेवटची पट्टी तपासायला पडद्याच्या अलीकडे, माझ्यापाशी आला. आणि बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला.

आमचा गट आला होता. जयसिंगपूर ते नदीकाठ, प्रत्येक भट्टी पालथी घालत. सर्जेरावच्या चार भट्ट्या आहेत हे त्या टेम्पोवर लिहिलेलं नव्हतं. सतरा माणसं. एकीला स्तन नाही, एकाला पोटावर पिशवी, शिंगे गुरुजींच्या गळ्याला भोक. हातात हलगीच्या काठ्या, फ्लेक्सचे बांबू, माझ्या दुकानातली सत्तुरं. पोलिसांना फोन केला होता, पण वाट बघायला कोण थांबलं नाही.

मग जे झालं ते मी खाटेवर बांधलेलीच, उघड्या दारातून बघितलं. चावलेल्या हाताच्या माणसानं पहिली वीट फेकली, ती गुरवांच्या कपाळावर बसली. गुरव रक्तबंबाळ होऊन तसेच पुढे आले आणि त्याला मिठी मारून दोघंही विटांच्या ढिगावर कोसळले. शिंगे गुरुजींना ओरडता येत नाही. ते न ओरडता बांबू फिरवत होते. दुसऱ्या गड्याचा गुडघा फुटल्याचा आवाज मला खोलीत ऐकू आला. जैनब चाचीनं, चाळीस किलोसुद्धा वजन नसलेल्या बाईनं, सत्तूर त्याच्या खांद्यात घातला आणि तो निघेना म्हणून रडायला लागली. तिकडून भट्टीवरचे मजूर पळत होते. सर्जेराव कोयता घेऊन दारात आडवा उभा राहिला. गुरुजींनी बांबू उगारला तसा त्यानं वार केला. गुरुजींची तीन बोटं मातीत पडली.

ढवळेनं माझे पट्टे सोडले आणि मागच्या खिडकीतून पळाला. मी पडदा ओढला.

प्रणोती पलंगावर बसली होती. टक्कल, मोठे डोळे, हडकुळी. तिनं माझा चेहरा बघितला, सुजलेला, फुटलेला. मग माझा हात बघितला.

"तुम्ही घसरला नव्हता," ती म्हणाली.

"न्हाई."

"ही पिशवी कुणाची आहे?"

"वैजयंता नावाच्या बाईची. तिचा नंबर होता."

मला वाटलं, ती म्हणेल घेऊन जा. अशा गोष्टीत पोरी असंच म्हणतात ना? ती तसं म्हणाली नाही. तिनं नळी मुठीत धरली. "काकू, मला द्या. मला जगायचंय. मी काय केलंय? काकू, प्लीज. मी रिकामी झालेय, मी मरेन ना!"

मी चावी बंदच आहे ना ते बघितलं. तिच्या हातातली सुई काढली. मग तिची मूठ उघडायला लागले. तिच्या अंगात ताकद नव्हती, माझी दोन बोटं मोडलेली. तिचं एकेक बोट मी सोडवलं. ती माझ्याकडे बघत होती आणि नुसतं "काकू, काकू" म्हणत होती. त्या दिवशी तिथं विटा चालल्या, कोयते चालले. पण सगळ्यात क्रूर काम मी केलं, आणि त्याला आवाजसुद्धा झाला नाही.

पिशवी छातीशी धरून मी वळले तर दारात सर्जेराव. कोयता वर. मी हलले नाही. त्यानं पिशवी बघितली आणि हात तसाच थांबला. मला मारलं असतं तर पिशवी फाटली असती. तो तसाच उभा राहिला, मग कोयता टाकला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला ओलांडून बाहेर आले.

पोरीला तिथं सोडलं नाही. गुरवांच्या रिक्षातून तिलाही हॉस्पिटलात नेलं. माझ्या एका मांडीवर पिशवी, दुसऱ्या मांडीवर तिचं डोकं. तोपर्यंत तिनं रडणं थांबवलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

हॉस्पिटलात पिशवीतल्या थेंबाची पट्टी निळी आली. तीन वाजता पिशवी वैजयंताच्या हाताला लागली. मी डॉक्टरला म्हटलं, "आता माझं अजून एकदा काढ. पोरीसाठी."

"मावशी, वेड लागलंय का? उरलेले राखणदार दमलेले आहेत. शंभरात एकसुद्धा लागू पडणार नाही. आणि तुमचा कॅन्सर नक्की परत येईल."

"काढ."

"मी नाही काढणार."

"मग मी ढवळेला शोधते. त्याला काढता येतं."

ती रडली, माझी सही घेतली आणि काढलं. पण ते लागू पडलं नाही. प्रणोती सहाव्या दिवशी गेली. सर्जेरावला अंत्यविधीला पोलिसांनी बेड्या घालून आणलं होतं. मीही गेले. लोकांनी मला वाट करून दिली.

नंतर मी स्वतःला शंभरदा सांगितलं की नंबर वैजयंताचा होता, चिठ्ठी सगळ्यांसमोर निघाली होती. पण एक विचारते. नंबर उलटा असता, पिशवी प्रणोतीची असती आणि वैजयंता रिकामी पडली असती, तर मी काय केलं असतं? मिश्रीची ती पहिली चिमूट आठवली की मला उत्तर माहीत असतं. म्हणून मी नियमाबद्दल कुणाशी बोलत नाही. नुसता पाळते.

वैजयंता बरी झाली. दीड वर्षानं तिची तपासणी झाली आणि डॉक्टर नाचायचीच बाकी राहिली. वैजयंताच्या रक्तात राखणदार देण्याइतके वाढले होते. आमच्या भागाला दुसरी देणारी मिळाली. त्याच महिन्यात माझ्या उजव्या गालाला गाठ आली.

वैजयंता दुकानात आली. कापडाची टेप अजून गळ्यात.

"अक्का, मी डॉक्टरशी बोललेय. पहिलं तुम्हालाच देणार. कुणाला कळायचं कारण न्हाई."

मी तिच्या मुस्काटात मारली. जन्मात तिच्यावर हात उचलला नव्हता. ती गाल धरून उभी राहिली.

"चिठ्ठी टाकायची," मी म्हटलं.

"तुमचं नाव नाही निघालं तर?"

"तर टाळ्या वाजवायच्या."

"मी न्हाई वाजवणार!"

"तू वाजवशील. नाहीतर दुकानात पाय ठेवायचा न्हाई."

ती रडत गेली. मीही शटर ओढून रडले. मला मरायचं नाहीये हो. मला तिच्या मागं धावत जाऊन म्हणायचं होतं, दे गं बाई, मला दे, मी काय केलंय?

गुरुवारी सगळे जमले. शिंगे गुरुजींनी दोन बोटांच्या हातानं चिठ्ठ्या घड्या करून पातेल्यात टाकल्या. बावीस नावं. मी माझं स्वतःच लिहिलं. वैजयंतानं डोळे मिटून पहिली चिठ्ठी उचलली. उघडली. न वाचताच परत घडी घालायला लागली. "बोल की गं," गुरव म्हणाले.

कुरुंदवाडची आक्काताई कोळी. एकाहत्तर वर्षांची, सुनेला छळणारी, डॉक्टरपासून लपवून अजून मिश्री लावणारी म्हातारी. सगळ्या खोलीला ते माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी टाळ्या वाजवायला लागले. उजव्या पंज्याची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, त्यामुळं आवाज फुसका येत होता. मी जोरात वाजवल्या. वैजयंता खाली बघत होती. मी तिच्याकडे बघत वाजवत राहिले, शेवटी तिचे हात एकमेकांना लागेपर्यंत.